पैसे भरून घेतलेल्या गेममध्ये जाहिरात कशी येते, आणि गेमला आपल्याबद्दल काय काय कळतं

दारव्हा तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलं आहे: "मुलगा दहावीत. त्याच्या हट्टापायी पैसे भरून गाड्यांच्या शर्यतीचा ऑनलाइन गेम घेऊन दिला. तरी रस्त्याच्या कडेच्या फलकांवर खऱ्या कंपन्यांच्या जाहिराती दिसतात. मागच्या आठवड्यात तर अमरावतीच्या एका क्लासची जाहिरात आली. आम्ही फक्त घरात बोललो होतो की याला अकरावीला अमरावतीला टाकायचं. गेम आमचं बोलणं ऐकतो काय? पैसे घेऊन वरून जाहिरात दाखवायचा त्यांना हक्क आहे काय? काढूनच टाकू का तो गेम?"

भाऊ, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: पैशाचा, पाळतीचा आणि पोराचा. जाहिरात समोर दिसते म्हणून ती खुपते. पण तिच्याहून जास्त काळजी करावी अशी एक गोष्ट तुमच्या फोनच्या खात्यात बसलेली असू शकते, आणि बहुतेक ती मोबाइलच्या दुकानातच तिथे बसवली गेली असेल. तिथवर येतोच.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी मोबाइल गेममध्ये जाहिराती बसवायचं काम करतो. पुण्यात एका स्टुडिओत होतो, कोरोनात गावी आलो तो इकडचाच झालो, आता घरूनच काम चालतं. म्हणजे ज्यांच्यावर तुम्ही चिडला आहात त्यांच्यातलाच मी एक. माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या.

पहिलं काम हे करा: पैसे नेमके कशाचे भरले ते पाहा. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर दाबलं की 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' येतं, तिथे सगळ्या खरेदीची यादी असते. "पैसे भरून घेतला" असं लोक मला सांगतात आणि यादी उघडली की बऱ्याचदा निघतं की गेम फुकटच होता, पैसे गेममधल्या नाण्यांचे नाहीतर एखाद्या 'पास'चे गेले. तसं असेल तर कंपनीने जाहिरात बंद करायचा शब्द दिलेलाच नव्हता. दुसरा प्रकार 'रिमूव्ह ॲड्स'चा. यात आपोआप उसळून येणारी जाहिरात बंद होते, पण 'जाहिरात पाहा, नाणी मिळवा' हे बटण आणि रस्त्याकडेचे फलक बहुतेक ठिकाणी तसेच राहतात. तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. तिसरा प्रकार, डाउनलोड करतानाच किंमत मोजलेला गेम. तुमचा गेम यातला असेल तर तुमची तक्रार सगळ्यात जोरदार. तरीही स्टोअरच्या पानावर गेमच्या नावाखाली 'कंटेन्स ॲड्स' अशी ओळ होती का, ते बघून घ्या. ती असेल तर त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि भांडण तिथेच निम्मं हरतं.

आता हक्काचं. किंमत घेतली म्हणून जाहिरात लावायची नाही, असा सरसकट नियम माझ्या माहितीत कुठेच नाही. एसटीचं पूर्ण तिकीट काढूनही बसच्या पाठीवर जाहिरात असतेच, आणि त्यावर कोणी कंडक्टरशी भांडत नाही. पण ती बस कोण आपल्याकडे किती वेळ पाहत होतं ते लिहून ठेवत नाही. गेममधला फलक ठेवू शकतो. तुमच्या रागाला खरा आधार इथे आहे, पैशात नाही.

हा राग काही नवा नाही. २००६ साली ईए कंपनीने 'बॅटलफिल्ड २१४२' हा गेम पूर्ण किमतीला विकला आणि डब्यात एक चिठ्ठी टाकली: गेममधली जाहिरातीची यंत्रणा तुमचा आयपी पत्ता (नेटवर आपल्या जोडणीला मिळणारा नंबर) वगैरे माहिती घेईल, मान्य नसेल तर नेटला जोडलेल्या यंत्रावर हा गेम टाकू नका. ऑनलाइन खेळायचा गेम, आणि नेटला जोडू नका! लोकांनी बोंब मारली. २००८ मध्ये ओबामांच्या प्रचाराचे फलक 'बर्नआउट पॅराडाइज' या गाड्यांच्या गेममध्ये रस्त्याच्या कडेला लागले. ते सगळ्या अमेरिकेला दिसत नव्हते, चुरशीची निवडणूक असलेल्या १० राज्यांतल्या खेळाडूंनाच दिसत होते. म्हणजे कोण कुठून खेळतो ते पाहून फलक बदलायची कला तेव्हापासून आहे. २०२० मध्ये ईएच्याच 'यूएफसी ४'मध्ये मारामारीच्या रीप्लेच्या मधोमध एका वेब मालिकेची पडदाभर जाहिरात घुसवली. गिऱ्हाइकांनी एवढा गोंधळ घातला की कंपनीला ती काढावी लागली.

पण या सगळ्यांपेक्षा मला २०१८चं प्रकरण महत्त्वाचं वाटतं. 'रेड शेल' नावाचा प्रोग्रामचा एक तुकडा पैसे मोजून घेतलेल्या बऱ्याच गेममध्ये सापडला, 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' आणि 'टोटल वॉर'सुद्धा त्यात होते. तो जाहिरात दाखवतच नव्हता. तुम्ही बाहेर नेटवर कोणत्या जाहिरातीवर दाबलं आणि नंतर गेम घेतला, ही जोडणी लावायला तो तुमच्या संगणकाची ओळख पटवत होता. ओरड झाल्यावर एकेका कंपनीने तो काढला. खेळणाऱ्याच्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं, आणि नोंद मात्र चालू होती. म्हणून कोणी "माझ्या गेममध्ये एकही जाहिरात नाही" असं समाधानाने सांगितलं की मी विचारतो, परवानग्या पाहिल्या का?

आतमध्ये नेमकं काय चालतं ते आता उघडून दाखवतो, कारण हे मी रोज बघतो.

फलक दोन जातींचे असतात. एक, गेम बनवतानाच रंगवलेला. तो सगळ्या जगाला सारखाच दिसतो, कोणाची माहिती घेत नाही, त्याचं काही वाटून घेऊ नका. दुसरा, दर वेळी नव्याने भरला जाणारा. शर्यत लोड होताना पडद्यावर चकरी फिरते ना, त्या वेळात गेममधला जाहिरातीचा तुकडा सर्व्हरला विचारतो: इथे एक फलक रिकामा आहे, काय लावू? त्या विचारण्यासोबत काही रकाने भरून जातात. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, फोनची भाषा, कोणत्या कंपनीचं नेट, आयपी पत्ता, फोनचा जाहिरात-आयडी (जाहिरातवाल्यांना फोन ओळखता यावा म्हणून दिलेला नंबर). मग ठिकाण, आणि ते ठिकाण कशावरून कळलं याचा वेगळा आकडा: १ म्हणजे जीपीएसवरून, २ म्हणजे आयपीवरून, ३ म्हणजे वापरणाऱ्याने स्वतः सांगितलं. जन्मवर्षाचाही एक रकाना असतो. आणि लहान मुलांच्या नियमांत बसणारा मामला आहे का, हो किंवा नाही. निम्मे रकाने पुष्कळदा रिकामेच येतात. नाव नसतं, फोन नंबर नसतो. पण जाहिरात-आयडी असला की नावाची फारशी गरजही पडत नाही. आज शर्यत खेळणारा, काल पत्त्यांचा गेम उघडणारा आणि परवा क्रिकेटचा स्कोअर पाहणारा फोन एकच आहे, एवढं त्यावरून जुळतं.

उत्तर येतं, चित्र फलकावर चढतं, पोराची गाडी समोरून जाते. मग मोजणी होते: फलकाने पडद्याचा किती भाग व्यापला, किती तिरका दिसला, किती वेळ नजरेसमोर राहिला. सरळ रस्त्यावर गाडी भन्नाट निघून गेली तर ते पाहणं हिशेबात धरायच्या लायकीचंच नसतं. म्हणून आम्ही फलक वळणावर लावतो, जिथे खेळणारा ब्रेक दाबतो. तुमच्या पोराला विचारा, जाहिराती वळणावरच जास्त का दिसतात. त्याला ते आधीच लक्षात आलेलं असेल.

आता अमरावतीच्या क्लासकडे येऊ. तुम्ही लिहिलं नाही, पण यातली कळ अशी आहे की ती जाहिरात कुठे दिसली? रस्त्याच्या फलकावर, की शर्यत संपल्यावर व्हिडिओ म्हणून? माझा अंदाज व्हिडिओचा. फलक मोठ्या एजन्सींमार्फत विकले जातात, तिथे मोबाइल, कोल्ड्रिंक, गाड्या असली मोठी गिऱ्हाइकं येतात. तालुक्या-जिल्ह्यातला क्लासवाला तिथवर पोचत नाही. तो थोडे पैसे टाकून मोबाइलवरच्या जाहिराती घेतो, आणि त्या 'पाहा आणि नाणी मिळवा'मधून येतात. ते बटण पोरगं स्वतः दाबतं. त्यावरून त्याला रागावू नका, नाण्यांसाठी सगळेच दाबतात.

आणि गाव कसं कळलं? इथे आपल्या भागाची एक गंमत आहे. आयपीवरून गाव ओळखायची यंत्रणा आपल्याकडे फार वेळा तोंडघशी पडते, कारण मोबाइल कंपन्या खेड्यातलं नेट मोठ्या शहरातल्या केंद्रातून बाहेर सोडतात. माझ्याच फोनवरून चाचणी घेतली तर गाव सोडा, जिल्हाही धड येत नाही. नागपूर येतं, कधी थेट मुंबई. त्यामुळे 'गेमने आमचं गाव हेरलं' यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही. गेमला लोकेशनची परवानगी दिली असेल तर गोष्ट वेगळी. मग वावरात उभं राहून खेळला तरी गेमला वावर कळतं.

बहुतेक वेळा झालेलं असतं ते साधं असतं. क्लासवाल्याने पूर्ण विदर्भ निवडून जाहिरात सोडली आणि ती तुमच्याच नाही, गावातल्या अर्ध्या फोनवर आली. किंवा याच फोनवर कोणीतरी यूट्यूबवर 'दहावीनंतर काय' पाहिलं. तिसरी शक्यता लोकांच्या ध्यानातच येत नाही. क्लासवाले शाळेत येऊन 'स्कॉलरशिप टेस्ट' घेऊन जातात, फॉर्मवर पालकांचा मोबाइल नंबर असतो. असे हजारो नंबर एकत्र करून मोठ्या जाहिरात कंपनीकडे टाकता येतात. ती कंपनी ते आपल्याकडच्या खात्यांशी जुळवते आणि त्याच माणसांना जाहिरात दाखवते. घरात बोलणं, यूट्यूब पाहणं आणि फॉर्म भरणं हे सगळं एकाच काळात होतं, कारण दहावीच्या पोराच्या घरात दुसरा विषयच नसतो. मग वाटतं, फोनने ऐकलं.

ऐकण्याची शंका अगदीच हवेतली आहे असंही मी म्हणणार नाही. २०१७च्या डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अडीचशेवर गेमची बातमी दिली होती. त्यांत 'अल्फोन्सो' कंपनीचा तुकडा होता आणि तो मायक्रोफोनवरून घरात टीव्हीवर काय चाललंय ते ओळखत होता. माणसांचं बोलणं आपण नोंदवत नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण लक्षात घ्या, त्यालाही मायक्रोफोनची परवानगी लागत होती, आणि ती खेळणाऱ्यानेच दिली होती. अँड्रॉइड १२ किंवा पुढचा फोन असेल तर मायक्रोफोन चालू असताना वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. गेम चालू असताना ती आहे का, पाहा. ऑनलाइन शर्यतीत दोस्तांशी बोलायची सोय असेल तर परवानगी त्यासाठी मागितलेली असते. मला विचाराल तर तीही बंद करा. अनोळखी मोठ्या माणसांशी पोराचं बोलणं ही जाहिरातीहून मोठी गोष्ट आहे. 'फोर्टनाइट'वाल्या एपिक कंपनीवर अमेरिकेत २०२२ मध्ये लहान मुलांच्या माहितीच्या कायद्याखाली २७.५ कोटी डॉलरचा दंड बसला. मुलांसाठीसुद्धा आवाजाच्या गप्पा आधीपासून चालूच ठेवलेल्या असणं, हा त्या तक्रारीचा एक भाग होता.

आता ज्याबद्दल मला खरं बोलायचं होतं ते.

आपल्याकडे फोन घेतला की दुकानदारच जीमेल काढून देतो. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी, मागे तीन गिऱ्हाइकं उभी. जन्मतारीख विचारत बसायला त्याला वेळ नसतो. तो १ जानेवारी आणि मनाला येईल ते साल टाकतो, पासवर्ड पावतीच्या मागे लिहून देतो, आणि पावती पुढे कुठे जाते ते देवाला ठाऊक. माझ्या ओळखीतल्या पोरांचे फोन मी हातात घेतो तेव्हा दहावीतलं पोट्टं गूगलच्या लेखी पस्तिशीचा बाप्या निघतो.

यात काय बिघडलं? बरंच बिघडलं. गूगलने २०२१ मध्ये जाहीर केलं की १८ वर्षांखालच्यांना वय, लिंग किंवा आवडीनिवडी पाहून जाहिराती दाखवणार नाही. ही सगळी सोय खात्यातल्या जन्मतारखेवर उभी आहे. तारीख खोटी असली की कवच गळून पडलं. आपल्या देशाचा २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो. पालकांची पडताळलेली संमती घ्या, मुलांवर पाळत ठेवू नका, मुलांना हेरून जाहिराती करू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मुलांबाबतची ही बंधनं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. अमेरिकेत ही रेषा १३ वर्षांवर आहे, आपली जास्त कडक आहे. नियम २०२५च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. पण बंधनं लागू झाली तरी कंपनी उद्या म्हणेल, "आमच्या नोंदीत हा खेळाडू पस्तीस वर्षांचा आहे." आणि तिचं म्हणणं खोडायला तुमच्या हातात काय असेल?

फोन पोराचा नसून तुमचाच असेल, आणि सांजच्याला तो त्यावर खेळत असेल, तर चित्र वेगळं. तिथे वय खरं आहे, पण तुमचं आहे. दिवसभर तुम्ही कापसाचे भाव बघता, पिककर्जाचं काहीतरी शोधता, ट्रॅक्टरचे व्हिडिओ पाहता. जाहिरातवाल्याच्या लेखी तुम्ही आणि पोरगं मिळून एकच माणूस. मग तुमच्यासाठी आलेली झटपट कर्जाची जाहिरात पोरगं पाहतं. रमी किंवा सट्ट्याच्या गेमची जाहिरात आली तर ती सहन करायचं कारणच नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आहे आणि त्यांच्या जाहिरातीवरही आहे. स्क्रीनशॉट काढा, जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या छोट्या खुणेवर दाबून तक्रार करा.

तर करायचं काय. फोन हातात घेऊन हे वाचा.

सेटिंगमध्ये 'ॲप्स'मध्ये जाऊन त्या गेमच्या परवानग्या उघडा. लोकेशन, मायक्रोफोन, कॉन्टॅक्ट्स, तिन्ही बंद. शर्यतीच्या गेमला यातल्या एकाचीही गरज नाही. बंद केल्यावर गेम चालायचंच नाकारत असेल तर त्या गेमबद्दल तुम्हाला जे कळायचं ते कळलं. मग सेटिंगमधल्या 'गूगल'मध्ये 'ॲड्स' शोधा आणि जाहिरात-आयडी डिलीट करा. त्यानंतर तो आयडी मागणाऱ्या प्रत्येकाला नुसती शून्यांची ओळ मिळते. फोन कोणाच्याही खात्याचा असो, हे सगळ्यांना लागू पडतं, म्हणून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. जुन्या फोनवर डिलीटऐवजी फक्त 'रीसेट' दिसेल आणि वैयक्तिक जाहिराती बंद करायचं बटण दिसेल. दोन्ही दाबा.

जन्मतारखेला घाई करू नका. आधी त्या खात्याचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला नंबर आपल्याकडे आहे का ते बघा. दुकानदाराचा नंबर जोडलेला असतो कधीकधी, तो आधी बदला. मग फोन पोराचा असेल तर त्याची खरी तारीख टाका. नवीन खातं काढून मोकळं व्हावंसं वाटेल, पण पैसे भरलेला गेम ज्या खात्यावर घेतला त्याच खात्याचा राहतो. नव्या खात्यावर पुन्हा पैसे मागेल. खरी तारीख टाकल्यावर काही ॲप आणि काही व्हिडिओ बंद होतील, पोरगं कुरकुर करेल. फोन तुमचा असेल तर तारीख तुमचीच राहू द्या, गूगल खात्यातल्या जाहिरातींच्या पानावर जाऊन वैयक्तिक जाहिराती तेवढ्या बंद करा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असं करून ठेवा, आणि यूपीआयचा पिन पोराला माहीत असेल तर आजच बदला. हे जाहिरातीशी थेट जोडलेलं नाही, पण नाण्यांची दुकानं जाहिरातीच्याच शेजारी मांडलेली असतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात मलाच शिव्या घालाल. एवढं सगळं केल्यावर जाहिराती कमी होणार नाहीत. तेवढ्याच येतील, फक्त तुम्हाला हेरून येणार नाहीत. उलट जास्त भंगार येतील. काही जण 'प्रायव्हेट डीएनएस' (जाहिरातींचे सर्व्हर फोनला सापडू न देणारी सेटिंग) लावून जाहिराती अडवायला सांगतात. उसळून येणाऱ्या जाहिरातींवर तो उपाय चालतो आणि आपल्या दिवसाच्या मोजक्या डेटातून व्हिडिओ जाहिरातींचं ओझंही कमी होतं. पण गेमच्या स्वतःच्या सर्व्हरवरून येणारे फलक त्याने अडत नाहीत, आणि जिथे नेटवर्कसाठी माडीवर चढावं लागतं तिथे कधी कधी गेमच लोड होत नाही. मला तो सगळ्यांना सांगावासा वाटत नाही.

कंपनीला पत्र लिहायचं का? लिहा. स्टोअरच्या पानावर 'प्रायव्हसी पॉलिसी'ची लिंक असते, तिथे तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल सापडतो. चार ओळी पुरतात: या खात्यावर खेळणारा मुलगा १८ वर्षांखालचा आहे, त्याची कोणती माहिती तुमच्याकडे आहे ते कळवा, ती कोणाकोणाला दिली ते कळवा, जाहिरातीसाठी घेतलेली माहिती पुसा आणि पुसल्याचं कळवा. मराठीत लिहिलं तरी चालतं, पण उत्तर लवकर हवं असेल तर कोणाकडून इंग्रजीत करून घ्या. आमच्याकडे अशी पत्रं आली की ती बाजूला टाकता येत नाहीत. वयाचा उल्लेख असलेलं पत्र तर कायद्याचं काम पाहणाऱ्यांकडे तडक जातं, कारण ते वाचल्यानंतर कंपनीला "आम्हाला वय माहीत नव्हतं" असं म्हणता येत नाही. खात्यातल्या खोट्या तारखेवरचा हाच उतारा आहे.

पैशाचं भांडण वेगळं लढा. प्ले स्टोअरवर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत परतावा मागता येतो. ते उलटलं असेल तर गेमच्या कंपनीकडे मागावा लागतो आणि ते त्यांच्या मर्जीवर असतं. संगणकावर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. 'जाहिराती नाहीत' असं सांगून विकला आणि जाहिराती दाखवल्या, असा मामला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून बंद केले आहेत. जाहिरातीला जाहिरात न वाटू देणं हा त्यांतलाच एक. आणि स्टोअरवर परीक्षण लिहा, पण नुसता एक तारा देऊन 'बकवास' लिहू नका. किती पैसे भरले, जाहिरात कुठे आली, कशाची आली, तारीख. असं नेमकं लिहिलेलं परीक्षण आमच्या बैठकीत वाचून दाखवलं जातं, बाकीच्यांची फक्त सरासरी निघते.

राहिला प्रश्न गेम काढायचा. नुसते फलक असतील आणि परवानग्या बंद करूनही गेम नीट चालत असेल तर मी काढला नसता. पोराने हट्टाने घेतलेली गोष्ट काढून घेतली की तो दोस्ताच्या फोनवर खेळतो, आणि तिथे तुमचं काहीच चालत नाही. पूर्ण किंमत घेऊन दर शर्यतीनंतर पडदाभर जाहिरात मारत असतील तर परतावा मागा आणि काढा. सट्टा, कर्ज असल्या जाहिराती येत असतील, किंवा लोकेशन बंद केल्यावर गेम अडून बसत असेल, तर परताव्याची वाट न बघता काढा. दहावीच्या वर्षात किती वेळ खेळू द्यायचा, ते तुमच्या घरात ठरवा. त्यात मी पडत नाही.

अजून नेमकं सांगायला मला तीन गोष्टी लागतील: गेमचं नाव, फोन कोणाच्या खात्यावर आहे, आणि क्लासची जाहिरात फलकावर होती की व्हिडिओत. स्क्रीनशॉट टाकाल तर त्यातला ईमेल, खरेदीचा ऑर्डर नंबर आणि पोराचं गेममधलं नाव आधी खोडून टाका.